मांजरीच्या सामानाची यादी

मांजर घरी येण्याआधी तिचं सामान येतं. शहरात तरी आता अशीच रीत झाली आहे. आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत मांजरांना खाऊ घालणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्याकडच्या चार महिन्यांच्या दोन बहिणी दत्तक घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही आणि लग्न कधी करणार हेही विचारलं नाही (पुण्यात हे विशेषच). "खिडक्या किती? जाळी लागली की फोटो पाठव, मग न्यायला ये." एवढंच.

मग यादी आली. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे यादी म्हटलं की स्प्रेडशीट. वस्तू, किंमत, लिंक असे तीन रकाने केले. ऑफिसात कारण लिहिल्याशिवाय कुणी एक बटणही वाढवू देत नाही, म्हणून सवयीने चौथा रकाना केला: 'का?'

तो भरायला घेतला. लिटर, कारण माती नाही. खरडायचा खांब, कारण झाड नाही. खिडकीतली फळी, कारण कुंपणाची भिंत नाही. काठीला बांधलेली पिसं, कारण चिमण्या, पाली, खारी नाहीत. लपायला खोकं, कारण पार्किंगमधल्या गाडीखाली शिरता येणार नाही. रकाना भरून झाला तेव्हा समोर खरेदीची यादी उरलीच नव्हती, ती उधारीची वही झाली होती. दर ओळीत मी या दोघींचं काहीतरी काढून घेत होते आणि शेजारच्या रकान्यात त्याची रुपयांतली रक्कम मांडत होते.

या लेखातले प्रश्न त्या चौथ्या रकान्यातले आहेत. कुणाचं तरी आख्खं बाहेरचं जग बंद करून त्याबदल्यात वस्तू द्यायच्या, तर त्या वस्तूंचा हिशेब कसा करायचा? आणि कुठली वस्तू तिची, कुठली माझी, हे ओळखायचं कसं?

सुरुवात जाळीपासून, कारण बाकीची यादी तिच्यामुळेच जन्माला येते. मांजर उंचावरून पडली तरी पायांवर उतरते हे खरं आहे. पडतापडता ती हवेत अंग वळवते. पण या गुणाचं कौतुक इतकं झालंय की चौथ्या मजल्याची उघडी खिडकी लोकांना धोक्याची वाटतच नाही. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा एक अभ्यास छापला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली. हा आकडा आजही फुशारकीनं सांगितला जातो. आमच्या धंद्यातल्या कुणालाही यातली गोम लगेच दिसेल: जी जागीच गेली ती दवाखान्यात आणलीच गेली नसणार. जी वाचली त्यांनाही छातीला मार, जबडा किंवा पाय मोडलेला, असं पुष्कळ होतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजरीला पुरते, पण ती ताणून बसवावी लागते आणि कुठे कुरतडली आहे का ते अधूनमधून बघावं लागतं.

जाळी लावली म्हणजे पडायचा प्रश्न सुटला. विचारण्याचा प्रश्न राहिलाच. या दोघींना मी विचारलं होतं का? त्या गल्लीत जन्मल्या होत्या. तिथे कुत्री होती, गाड्या होत्या, पिल्लांना तीन दिवसांत संपवणारा पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू होता. पण तिथे नारळाचं झाडही होतं आणि रात्रही होती. सुरक्षित लहान आयुष्य आणि धोक्याचं मोठं आयुष्य, यांतलं तिनं काय निवडलं असतं? मला या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. मात्र उत्तर मिळत नाही म्हणून आपण म्हणू ते तिला हवंच असणार, ही उडी मला मंजूर नाही. लहान मुलाच्या बाबतीत आपण म्हणतो की मोठेपणी त्याला पटेल. मांजरीला मोठेपणी काही पटणार नाही. तिच्याकडून पावती कधीच येणार नाही हे धरूनच वागावं लागतं.

गावाकडच्या मोकळ्या मांजरीची आठवण काढून उसासे टाकणं सोपं आहे. आमचं गाव सांगलीकडचं. तिथे घरोघरी मांजर असायची आणि तिला एक रुपयाचंही सामान लागायचं नाही. शेकोटीची राख होती, गोठा होता, वळचण होती. पण पिल्लं जास्त झाली की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे, तेही त्याच घरातले लोक. त्या मोकळेपणाची किंमत कुणाच्याच वहीत लिहिली जात नव्हती, इतकंच.

आता लिटर. हा शब्दच ज्या व्यवसायातून रूढ झाला त्याला ऐंशी वर्षंही झालेली नाहीत. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचा माणूस कारखान्यांत तेल-पाणी शोषायला वापरायची चिकणमाती विकत असे. शेजारणीला मांजरीसाठी वाळू हवी होती, त्यानं ती माती दिली. राख वापरली तर पाऊलठसे घरभर उमटत; या मातीचे उमटले नाहीत. त्यानं ती पिशव्यांत भरून 'किटी लिटर' म्हणून विकायला काढली. शहरातल्या घरात चोवीस तास राहणारी मांजर ही ज्या वस्तूंमुळे शक्य झाली त्यांत ती पिशवी फार वरची आहे. म्हणजे वस्तू आधी आली आणि तिच्यामागून ही नवी राहणी आली. पुढे १९८०च्या दशकात बेंटोनाइटचं गोळा होणारं लिटर आलं. ओल लागली की ही माती फुगते आणि घट्ट गोळा होतो, तो तेवढा काढून टाकायचा. आपल्याकडे बेंटोनाइट कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघतं.

लिटर निवडताना कोण कुणासाठी निवडतंय हे फार स्वच्छ दिसतं. लॅव्हेंडरचा वास कुणासाठी? मांजरीचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण; बहुतेक मांजरींना बिनवासाचं, बारीक वाळूसारखं लिटर बरं वाटतं. झाकणवाली, घुमटासारखी पेटी कुणासाठी? दिवाणखान्यात बरी दिसते, वास आत कोंडते आणि त्या कोंडलेल्या वासात मांजरीला जावं लागतं. पेटी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी असं पशुवैद्य सांगतात. दुकानातल्या बऱ्याच 'कॅट टॉयलेट'मध्ये मोठी मांजर नीट वळूही शकत नाही. मी भांड्यांच्या दुकानातून कपडे ठेवायचे प्लास्टिकचे मोठे टब आणले आणि एक बाजू कापून उतरती केली. मांजरी जितक्या त्याहून एक पेटी जास्त असा नियम आहे. म्हणून तीन टब, आणि तेही वेगवेगळ्या जागी, कारण एकीनं दुसरीची वाट अडवली तर दुसरी कोपरा शोधते. दीड बीएचकेमध्ये तीन टब म्हणजे काय ते रूममेटला विचारा. पेटी आपोआप साफ करणारी आणि मांजर गेली की फोनवर कळवणारी यंत्रंही मिळतात. दिवसभर नोटिफिकेशनच्या रांगा बांधून घरी आल्यावर मला आणखी एक नको होतं.

पण लिटरची गोष्ट माझ्या आणि मांजरीच्या मध्येच संपत नाही. ते घराबाहेर जातं तेव्हा कुणीतरी उचलतं. फ्लश करायचं नाही, पाइप तुंबतो. आमच्याकडे कचरा घ्यायला एक ताई येतात, आणि आमच्यामुळे त्यांच्या ढकलगाडीत रोज दीड-दोन किलो ओली माती वाढणार होती. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा परजीवी पसरू शकतो. तो बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगा होतो, गर्भवती बायकांना त्याचा धोका असतो. म्हणून रोज काढणं हा टापटिपीचा भाग कमी आणि दुसऱ्याच्या जिवाचा जास्त. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "कागदात बांधून वेगळं द्या, वर खूण करा. बाकीच्यात मिसळू नका, मला हातानं उचलावं लागतं." वहीत त्यांचं नाव नव्हतं. आता आहे, महिन्याच्या रकमेसकट. इथे मात्र विचारायची सोय होती, आणि विचारल्यावर उत्तर मिळालं.

आता अन्न. खरी अडचण इथे आहे, आणि त्यासाठी मी कोण हे सांगावं लागेल. आम्ही सांगलीकडचे जैन, दिगंबर. माझी आज्जी चातुर्मासात पालेभाजी खात नाही, दिवे लागणीनंतर एरवीही काही खात नाही. कांदा-लसूण तिच्या स्वयंपाकघरात आलेला मी पाहिला नाही. (कांदा आणि लसूण मांजरीला विषारी असतात, तांबड्या पेशी फुटतात. तेवढ्यापुरतं आज्जीचं स्वयंपाकघर मांजरीसाठी महाराष्ट्रातलं सगळ्यांत सुरक्षित.) मी स्वतः देवळात फारशी जात नाही, पण मांस आजवर खाल्लेलं नाही आणि खावंसं वाटलेलं नाही.

आणि मांजर मांसावरच जगते. हा आवडीचा प्रश्न नाही, तिच्या शरीराची घडण तशी आहे. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल आपलं शरीर तयार करतं, मांजरीचं पुरेसं करत नाही. तिला ते मांस-मासळीतूनच मिळतं. गाजरातल्या कॅरोटीनपासून ती अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. गोड चव तिला लागत नाही, कारण त्यासाठीचं एक जनुक तिच्यात मोडलेलं आहे. २००५ साली हे दाखवलं गेलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवलं की हृदय फुगून मरणाऱ्या पुष्कळ मांजरींच्या रक्तात टॉरिन कमी होतं. टॉरिन दिल्यावर हृदयं सुधारली. त्या मांजरी तयार डब्यातलं अन्न खात होत्या, भाकरी-दूध नव्हे. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. पाकिटाच्या मागच्या बाजूला हे नाव शोधा, लहान अक्षरांत असतं.

आज्जीच्या माहेरी धान्याच्या कोठारात मांजर होती. तिला सकाळी दूध-भाकरी घालत. घरात सगळे म्हणत, आमची मांजर शाकाहारी आहे. कोठारात उंदीर नव्हते, याचा संबंध कुणी कशाशी लावत नसे. म्हणीमध्ये मांजर डोळे मिटून दूध पिते. त्या घरात मांजरीचे डोळे उघडे होते, मिटले होते माणसांनी.

मला पाकीट विकत घ्यायचं आहे. त्यात कोंबडी आहे हे छापलेलं आहे आणि पैसे मी देणार आहे. डोळे मिटायची सोय नाही.

परंपरेनं या प्रश्नाकडे पाहिलं आहे, आणि पाहून मांजरीच्या विरोधात निकाल दिला आहे. बाराव्या शतकातले श्वेतांबर आचार्य हेमचंद्र 'योगशास्त्रा'त गृहस्थानं टाळायचे धंदे मोजतात. त्यांत पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा पाळणं येतं. आमच्या दिगंबर बाजूच्या 'कार्तिकेयानुप्रेक्षे'त मांजरीसारखे हिंस्र प्राणी बाळगणं 'अनर्थदंडा'त टाकलं आहे, आणि त्याच यादीत शस्त्रं विकणंही आहे. वाचून आधी हसू आलं. सात महिन्यांची गुंडी, उशीवर उताणी पडलेली, आणि तिच्या शेजारी तलवार.

पण अनर्थदंड हा शब्द डोक्यातून जाईना. अर्थ म्हणजे इथे प्रयोजन. ज्या हिंसेला प्रयोजन नाही ती अनर्थदंड. जगायला थोडी हिंसा लागते हे जैन विचार गृहस्थापुरतं मान्य करतो. त्याचा रोख विनाकारण होणाऱ्या हिंसेवर आहे. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त याचे पाच प्रकार येतात. त्यांतला एक म्हणजे निष्काळजीपणाचं वागणं: उगाच जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. हे मी वाचलं तेव्हा दारात दहा किलो बेंटोनाइटची पिशवी पडली होती. कुठेतरी जमीन खणूनच ती आली होती. तिला प्रयोजन होतं, असं मी म्हणेन. तिच्यातल्या लॅव्हेंडरला नव्हतं.

मग मांजर बाळगायला प्रयोजन आहे का? मला ती गोड वाटतात, हे उत्तर या कसोटीवर टिकत नाही. माझ्या आनंदासाठी कोंबड्या मराव्यात हे मी जेवणाच्या ताटात नाकारलेलं आहे. ते सोफ्यावर कसं मान्य करू? मला पटतं ते उत्तर वेगळं आहे. या दोघी आधीच जन्मलेल्या होत्या. मी घेतल्या नसत्या तरी त्यांनी मांसच खाल्लं असतं: काकूंच्या हातचं, कचऱ्यातलं, किंवा झाडावरून ओढलेलं. अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या एका अंदाजानुसार तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या मांजरी वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. म्हणजे जाळी खिडकीच्या दोन्ही बाजूंना वाचवते. म्हणून दत्तक आणि विकत यांत मला मोठा फरक दिसतो. ब्रीडरकडून पर्शियन मांजर विकत घेतली की तुम्ही एक नवं मांसाहारी आयुष्य मागवता, कारखान्याला ऑर्डर द्यावी तसं. हेमचंद्रांचा 'पैशासाठी' हा शब्द इथे बरोबर लागू पडतो. ज्या परंपरेनं मांजर बाळगणं निषिद्ध मानलं तिनेच पांजरपोळही काढले. मुंबईचा पांजरपोळ १८३४चा, भटकी कुत्री मारण्यावरून शहरात दंगल झाल्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालेला. पाळू नका, पण आलेल्याला टाकूही नका, असं काहीसं ते आहे. पांजरपोळातल्या गाईला चारा लागतो, हा त्यातला सोपेपणा. मांजरीनं तेवढा ठेवला नाही.

बाहेरच्या देशांत शाकाहारी कॅट फूड मिळतं, कृत्रिम टॉरिन घालून. तर्क चुकीचा नाही; पाकिटातल्या अन्नातही वेगळं टॉरिन मिसळतातच. स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका यांनी 'झूपोलिस' या २०११च्या पुस्तकात पाळीव प्राण्यांना सहनागरिक मानायला सांगितलं, आणि मांजरीच्या आहारापाशी त्यांनाही हे प्रकरण अवघड आहे असंच म्हणावं लागलं. मी या वाटेनं गेले नाही. माझा नियम मी पाळते कारण मला तो समजतो आणि उद्या मोडावासा वाटला तर मोडू शकते. गुंडीला यातलं काहीच नाही. माझं व्रत तिच्या हृदयावर चालवून बघायचं, तर ते व्रत राहत नाही. ती मांस खाते आणि त्याचा भार माझ्या वहीत येतो. यात मला शांतता मिळाली आहे असं नाही. फक्त रक्कम कुणाच्या नावावर लिहायची ते ठरलं आहे.

एकदा ते ठरलं की कसोटी बारीकसारीक गोष्टींना लावता येते. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. त्यापेक्षा जास्त ओतलेलं अन्न म्हणजे विनाकारण कोंबडी, वर मांजरीला मधुमेह. आतडी, काळीज, मान असं माणसं न खाणारं मांस असलेलं अन्न 'फक्त ब्रेस्ट'वाल्या महाग डब्यापेक्षा मला बरं वाटतं. कोंबडी तीच, पण वेगळी मारावी लागत नाही. आणि दूध नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना ते पचत नाही, गोष्टींमध्ये कितीही पीत असल्या तरी.

खेळणी-बिळणी पटकन उरकते. गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांना न सुटलेला प्रश्न आता शंभर रुपयांत सुटतो, पण घरातच राहणाऱ्या मांजरीला घंटा कशाला? ज्या कानांना माणसाच्या तिप्पट वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, त्यांच्याखाली दिवसभर खुळखुळ. पट्टा घालायचाच तर ओढ बसली की सुटणारा. लेझरचा ठिपका मला आवडत नाही. धावून धावून हातात काहीच लागत नाही, आणि हा अनुभव तिनं घ्यावा असं का वाटावं? आम्ही नोकरीत घेतो तेवढा पुरे. खरडायचा खांब सुतळीसारख्या काथ्याचा, तीन फूट उंच आणि जड हवा. ती पूर्ण ताणून खरडते, हलका खांब डुलला की परत त्याच्याकडे बघत नाही. आणि खोकी. नेदरलँड्समध्ये २०१४ साली निवारागृहातल्या मांजरींवर अभ्यास झाला. लपायला खोकं मिळालेल्या मांजरींचा ताण लवकर उतरला. यादीतली ही एक वस्तू दर आठवड्याला फुकट घरी येते, आत दुसरंच काही घेऊन.

घरातून काढायच्या वस्तूंची यादी दुकानात मिळत नाही, आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते. लिलीची फुलं घरात नकोत, परागकण चाटले तरी मांजरीची मूत्रपिंडं जातात. मनी प्लांट वर टांगायचा किंवा कुणाला द्यायचा. पॅरासिटामॉलची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते, म्हणून उशाशी पडलेली स्ट्रिप कपाटात. कुत्र्याचं पिसवांचं औषध परमेथ्रिन असेल तर तिला लावायचं नाही. शिवणाचा दोरा उघडा ठेवायचा नाही, गिळला तर आतडी गोळा होतात. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत. माझी सवय मोडावी लागते एवढंच, आणि उधारी फेडायचीच तर ती या चलनात जास्त फिटते असं माझं मत झालं आहे. पन्नास हजारांचं कॅट ट्री घेऊन बारा तास ऑफिसात राहणाऱ्यापेक्षा रात्री पंधरा मिनिटं काठीची पिसं हलवणारा मला कमी देणेकरी वाटतो.

कॅरियर सगळ्यांत शेवटी घेतला. तमिळ मुलखातल्या श्रीवैष्णवांमध्ये एक जुना वाद आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई मान धरून उचलून नेते. देव माणसाला तारतो तो कुठल्या रीतीनं? वडगलै म्हणाले माकडाच्या, तेंगलै म्हणाले मांजरीच्या. मांजरन्याय म्हणजे संपूर्ण शरणागती. पिल्लाला कुठे नेतात ते माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. या दृष्टान्तात पिल्लाला उचलणारी त्याची आई आहे म्हणून सगळं गोड आहे. सहा महिन्यांच्या ठमीला टॉवेलात गुंडाळून मी कॅरियरमध्ये घातलं तेव्हा तिची शरणागती वगैरे काही नव्हती. माझ्या मनगटावर त्याचा पुरावा महिनाभर होता. आणि मी तिला नेत होते ऑपरेशनला.

मांजरी चार-पाच महिन्यांच्याही गाभण राहू शकतात, दोन महिन्यांत वितात. न केलेल्या ऑपरेशनचा शेवट गल्लीत होतो, काकूंच्या दारात, पोत्यात. मी पुन्हा ठरवायचं झालं तरी हेच ठरवीन. पण माझ्या स्प्रेडशीटमध्ये या ओळीपुढे वस्तूचा रकाना रिकामा आहे. माती घेतली तर लिटर दिलं, झाड घेतलं तर खांब दिला. याच्या बदल्यात द्यायची वस्तू कुणी विकत नाही. लोक म्हणतात तिला काही कळत नाही, आठवत नाही. असेल. माझ्या नावावर ती रक्कम आहेच.

आज्जी दिवाळीला दहा दिवस माझ्याकडे येते आहे. फोनवर वाटाघाटी चालू आहेत. पाऊच फ्रीजमध्ये नको, गॅलरीतल्या वेगळ्या डब्यात. त्यांची ताटली आपल्या भांड्यांत घासायची नाही. मी सगळं कबूल केलं. मग तिनं जरा थांबून विचारलं, "काय गं, त्या रात्री पण खातात?"

"रात्रीच खातात, आज्जी. पहाटे तीनला उठवतात."

"अगं बाई," ती म्हणाली. "मग मला आतल्या खोलीत झोपव. आणि दार पूर्ण लावू नकोस, येतील-जातील."